रिकामी गव्हाण

तीन डिसेंबरला दुकान उघडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात तिसऱ्या गिऱ्हाइकाने तोच प्रश्न विचारला. "काचेतलं बाळ चोरीला गेलं का हो?"

पडदे-चादरींच्या त्या दुकानाचा मालक तरातरा काउंटरमागून बाहेर आला. दर्शनी काचेमागे त्याची वहिनी तोंडात टाचण्या धरून जांभळ्या कापडाची चूण बसवत होती. अकरा वर्षांपूर्वी भाऊ गेला, तेव्हापासून काचेची सजावट तिच्याकडे. दुकानात तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. नाताळच्या देखाव्यातले मरिया, योसेफ, गाय, मेंढ्या सगळे आपापल्या जागी होते. बाळ येशूच्या गव्हाणीत नुसता पेंढा.

"वहिनी, बाळ ठेवा."

"नाताळला तीन आठवडे आहेत. आगमनकाळ चालू आहे, वाट बघायचे दिवस. दिवस भरू द्या की."

"समोरच्याने नोव्हेंबरातच ठेवलं!"

"मग त्याचं सातव्या महिन्यात झालं. जपायला सांगा."

शिवणयंत्रावरची बाई फिसकन हसली. मालकाने स्पीकरवरची नाताळची गाणी आणखी मोठी केली. "लोकांना उत्साह लागतो. शांत बसून वाट बघायला हा काय दवाखाना आहे?"

"पाहुणा यायच्या आत जेवून हात धुवायचे नसतात, भावोजी. आधी घर आवरतात."

"बाळ ठेवा, नाहीतर काचेची किल्ली द्या. बाहेरचा माणूस आणतो."

तिने शेवटची टाचणी टोचली. जुडग्यातली किल्ली काढून काउंटरवर ठेवली. खणातलं कापसात गुंडाळलेलं मातीचं बाळ पर्समध्ये घातलं.

"किल्ली तुमची. बाळ मी घडवलंय. चोवीसला येईल."

दर रविवारी घरी ती एकेक मेणबत्ती जास्त लावत गेली आणि रेडिओ बंद ठेवून त्यांच्यासमोर तासभर बसली. बाजारात जाताना दुकानावरूनच जायची, मान ताठ ठेवून.

बाहेरच्या माणसाने खेळण्यातली बाहुली आणली. गव्हाण वहिनीने वीतभर केलेली, बाहुली हातभर. दोन दिवस तिचे पाय बाहेर लोंबले, लोक फोटो काढून हसले. मग मालकाने स्वतःच ती उचलली.

चोवीसला संध्याकाळी पाच वाजता वहिनी आली. गव्हाणीत पेंढाच होता. मालकाने किल्ली पुढे केली.

"उशीर केलात," तो म्हणाला.

"वेळेवर आलेय." तिने किल्ली घेतली नाही. "आधी ती गाणी बंद करा."

मालकाने वळून पाहिलं. शिवणयंत्रावरची बाई उठून स्पीकरपाशी पोचलीसुद्धा होती.