हिरवा ठिपका

कळंबच्या मोंढ्यात रणधीर केबलवाल्याच्या दुकानावर एक माडी आहे. तिथं ‘समोरासमोर’ कंपनीचं हापिस होतं. कंपनी म्हणायची ती आपली म्हणायची. दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि पौर्णिमा, एवढाच तिचा कळंबातला पसारा. बाकी सगळा बडेजाव पुण्यात.

कंपनी काढली होती ईट गावच्या अमृतनं. टीव्हीनं नुसतं बोलत राहू नये, माणसाचंही ऐकावं, हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसत होते ते दिवस. त्यानं बॉक्सात घालायचं सॉफ्टवेअर लिहिलं, सोबत एक सिमकार्ड. रिमोटवरचं लाल बटण दाबलं की पडद्यावर तुरीचा भाव यायचा, दहावीच्या पोरांना सरावाचे प्रश्न मिळायचे, गावच्या भजन स्पर्धेला मत देता यायचं. लोक येडे झाले होते. टीव्हीला उलटं उत्तर देता येतं याचंच मोठं कौतुक. पुण्यातल्या हापिसात तीस माणसं कामाला लागली, पेपरात अमृतचा फोटो आला, आणि कळंबात पौर्णिमाला बी. ए.च्या जोरावर नोकरी मिळाली.

मग मोबाइलचं नेट स्वस्त झालं आणि तुरीचा भाव ज्याच्या त्याच्या खिशात आला. लाल बटण दाबतो कोण? गरज सरो नि वैद्य मरो. तिसाची सहा माणसं उरली. कंपनीनं तेव्हाच डोळे मिटले असते तर बरं झालं असतं. पण अमृतला एक शेवटची गोष्ट सुचली, ती खुशाली.

गावाकडं एकटी राहणारी म्हातारी माणसं, पोरं पुण्या-मुंबईला. म्हाताऱ्यानं सकाळी नऊच्या आत लाल बटण दाबायचं, की लेकाच्या मोबाइलवर हिरवा ठिपका. नाही दाबलं तर नऊ वाजता ठिपका लाल. मग पौर्णिमानं त्या घरी फोन लावायचा. उचलला नाही तर शेजाऱ्याला धाडायचं. बोलणं झालं की तिनं आपल्या पडद्यावरून ते घर पिवळं करायचं. पण पिवळं दिसलं की लेकरं उगाच घाबरायची, फोनवर फोन करायची. तेव्हा अमृतच म्हणाला, “पिवळा काढून टाक. लोकांना हिरवाच दाखवायचा.” त्या दिवसापासून म्हातारीनं दाबलं काय नि पौर्णिमानं दाबलं काय, रंग एकच.

यादीत पहिलं नाव अमृतनं आपल्या आईचं घातलं होतं. जाईबाई, ईट.

“लाईटच नसती गं सकाळची,” एकदा जाईबाई फोनवर म्हणाल्या. “बटन दाबू कशाचं? मग त्यो लाल ठिपका दिसतू, पोरगं तिकडं घाबरंघुबरं हुतंय, मीटिंग सोडून फोन करतंय. लई वंगाळ वाटतं मला. तूच दाबत जा की तुझ्याकडून, नऊच्या आदी.”

“आत्या, मला रोज फोन तर करावाच लागंल.”

“कर की. चार शबुद बोलू.”

पौर्णिमा रोज फोन करायची. जाईबाईंचा गुडघा, शेजारच्या महानंदाची नवी सून, शेळीनं खाल्लेलं लुगडं, सगळं तिला ठाऊक झालं. आपल्या सासूशी ती एवढं बोलली नसेल. पण मग पुण्यात हेच काम करणाऱ्या पोरीला कंपनीनं घरी बसवलं आणि सहाशे घरं एकट्या पौर्णिमाच्या गळ्यात पडली. फोन दिवसाआड झाला, आठवड्यावर गेला. आत्या ठणठणीत आहेत हे माहीतच होतं. सकाळी आली, चहा सांगितला, पहिलं ईटचं घर हिरवं केलं, मग बाकीची कामं. हाताला सवय झाली. सवय वाईटच असते, पण चांगल्या मनानं लागली की ती वाईट आहे हे कळतसुद्धा नाही.

ह्या माघात, एका गुरुवारी संध्याकाळी महानंदा विरजण मागायला गेली, तर जाईबाई चुलीपाशी पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी पहाटे पडल्या असाव्यात, खुबा मोडला होता. जीव बुधवारी दुपारच्या पुढं गेला असावा. म्हणजे दीड दिवस त्या जिवंत होत्या, फरशीवर. तांब्या हाताच्या टप्प्याबाहेर होता, तो नंतर पौर्णिमाच्या डोळ्यांपुढून हलेना.

मंगळवारी आणि बुधवारी ईटचं घर हिरवं होतं.

पौर्णिमानं कुणाला सांगितलं नाही. रात्री नवऱ्यालाही नाही. सांगून आत्या परत येणार आहेत का, असं ती स्वतःला समजावत राहिली. अन्न गोड लागेना, तरी आठ दिवस तिनं तोंड मिटूनच काढले.

जाईबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ती ईटला गेली. अंगणात मांडव होता, पांढऱ्या कपड्यांतली भावकी, भन्तेजींसमोर जाईबाईंचा फोटो. त्रिशरण-पंचशील झालं, खिरीच्या पंगती उठल्या. भन्तेजी गेले तरी माणसं रेंगाळली होती. चुलते तात्याराव खांबाला टेकून बसले होते. त्यांच्याजवळ अमृत मोबाइल हातात धरून उभा होता.

“डॉक्टर चुकला, तात्या,” तो म्हणत होता. “हे बघा. मंगळवारी आठ चाळीस. बुधवारी आठ सदतीस. आईनं स्वतः बटण दाबलंय. बुधवारी सकाळपर्यंत ती चांगली होती.” मग तो शेजारच्या महानंदाकडं वळला. “काकू, बुधवारी दिवसभर तुम्ही कुठं होता?”

महानंदा कावरीबावरी झाली. “बुधवारी म्या लेकीकडं कळंबला गेल्ते, बाबा. आन् मंगळवारी तर घरातच...”

“मंगळवारचं कोण विचारतंय! बुधवारी पडली ती. भिंतीला भिंत लागून घर तुमचं, आणि जाताना एकदा हाक मारली न्हाय तुम्ही.”

“लेकरा, बाळंतीण हाय लेक माजी...” बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी तोंड फिरवलं. गावात एकदा असं बोट उठलं की ते जन्मभर खाली येत नाही, आणि महानंदाला तर ह्याच गल्लीत मरायचं होतं. मंगळवारी ती दिवसभर घरात होती. एक फोन गेला असता तर चार पावलांत पोचली असती. हे त्या मांडवात एकट्या पौर्णिमाला माहीत होतं.

“दादा,” पौर्णिमा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. “दादा, ते बटण आत्यानं दाबलं न्हाय.”

अमृतनं मान वर केली.

“म्या दाबलंय. मंगळवारी बी, बुधवारी बी. हापिसातनं. आत्याच म्हणल्या होत्या, लाईट नसती, पोरगं घाबरतंय, तूच दाबत जा. आदी फोन करून दाबत होते. मग... मग नुसतंच दाबत गेले. डॉक्टर बरोबर हायेत, दादा. मंगळवारी काकू घरातच होत्या. म्या फोन केला असता तर आत्या घावल्या असत्या.”

महानंदा मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. तात्यारावांनी “अरारा” म्हणून कपाळावर हात मारला. पौर्णिमाला वाटलं, आता हा आपल्याला मारेल. मारावं, असंही वाटलं.

अमृत हातातल्या मोबाइलकडं बघू लागला. मग म्हणाला, “पिवळा ठेवला असता तर मला कळलं असतं.”

“व्हय.”

“पिवळा मीच काढायला लावला.” तो खुर्चीवर बसला. “किती दिवस दाबतीयस तू?”

“चौदा महिने.”

“रोज?”

“रोज.”

त्याचा चेहरा आता खरोखर पडला. आई गेली तेव्हा पडला नव्हता इतका. “मी रोज सकाळी उठून आधी हे बघायचो, पौर्णिमा. वाटायचं, आईनं हाक मारली. मारली ना हाक, मग आता फोन कशाला करायचा? दिवाळीला आलो तेवढाच. महिना-महिना फोन केला न्हाय मी तिला.”

त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. ठिपक्यांची रांग होती, एका तारखेखाली एक. त्यानं एकावर बोट ठेवलं. “ही हाक तिची?”

“न्हाय दादा. माजी.”

बोट वर सरकलं. दिवाळीचा पाडवा. “ही?”

“त्या दिवशी तुमी इथंच होता. तरी माजीच.”

पोळा, नागपंचमी, आंबेडकर जयंती. तो विचारत गेला आणि ती मान हलवत गेली. तात्याराव म्हणाले, “बस कर, लेकरा,” पण त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी मागच्या साली मार्गशीर्षातल्या एका तारखेवर बोट थांबलं. सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं.

“ही आत्याची,” पौर्णिमा म्हणाली. “ही शेवटची.”

माणसं एकेक करून उठली. महानंदाला तिची सून हाताला धरून घरी घेऊन गेली. अमृत तिथंच खुर्चीवर बसून राहिला, आणि मोबाइलचा पडदा विझू लागला की अंगठ्यानं तो पुन्हा पेटवत राहिला.