दुआचा अधिक महिना

माझ्या खुर्चीवर जी मुलगी बसणार होती, तिला काम शिकवायचं माझ्याच गळ्यात पडलं होतं आणि मला ते मुळीच आवडलेलं नव्हतं. गोष्ट २०१५ची. रियाधच्या कचेऱ्यांमधून तेव्हा एकेक परदेशी माणूस उठत होता आणि त्याच्या जागी सौदी माणूस बसत होता. नियमाला माझी हरकत नव्हती. आपल्या पोरांना आपल्या देशात नोकरी मिळावी, असं कुणाला वाटणार नाही? पण असला समजूतदारपणा दुसऱ्याची खुर्ची जाईपर्यंतच टिकतो.

मी मूळची सांगलीची. नवरा विवेक इथल्या बँकेत, आणि मी सहा वर्षांपासून लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आकड्यांचं काम बघत होते. ज्या मुलांचं बसणं, चालणं, बोलणं मागे पडलंय, त्यांच्या घरी थेरपिस्ट पाठवायची आणि आईला शिकवायचं, हे संस्थेचं काम. तेरा प्रांतांत केंद्रं होती. कुठल्या प्रांतात पहिली भेट किती दिवसांत झाली, किती मुलं सुधारली, याचा वर्षाचा तक्ता मी बनवायचे. मूल तीन वर्षांचं झालं की आमचं काम खलास. तीन वर्षं पूर्ण व्हायला सहा महिने तरी बाकी असतील, तरच मूल घ्यायचं, असाही नियम होता, कारण त्याहून कमी काळात सुधारणा मोजता येत नाही. मुलाचं वय काढून हो की नाही ते कॉम्प्युटर सांगायचा, आणि त्याला ते शिकवलं होतं मी. चार वर्षांत त्या सूत्राबद्दल एक तक्रार आली नव्हती, याचा मला भारी अभिमान होता.

शिकायला आलेली मुलगी म्हणजे हनूफ. वय चोवीस, संख्याशास्त्राची पदवी, आणि प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारायची, "हे असंच का?" पहिल्या आठवड्यात मी उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात मी म्हणायला लागले, "असंच आहे." कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी घरी विवेकला रोज ऐकवायचे. ईदच्या सुट्टीनंतर मी घरी बसणार होते, माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, विवेकच्या नावावर जाणार होता आणि तक्त्याखाली हनूफचं नाव येणार होतं.

रमजानच्या पाचव्या दिवशी तांबड्या समुद्राकाठच्या यान्बूहून एक फोन आला. हिंदी-उर्दू बोलणारं कुणी असलं की फोन माझ्याकडे यायचा. बाई घाईघाईने हिंदीत सांगत होती की तिच्या मुलीला केंद्राने घेतलं नाही. मधेच मागे मूल किरकिरलं आणि ती फोनपासून तोंड वळवून म्हणाली, "गप रव गो बाय जरा."

"कोकणातल्या का तुम्ही?" मी मराठीत विचारलं.

 तिचा आवाजच बदलला. "होय, हर्णैची मी. शरीफा. ताई, तुम्ही आपल्याच निघालात. आता काम व्हयल माझं."

तिची मुलगी दुआ. अडीच वर्षांच्या आसपासची. धरून उभी राहायची, पण पाऊल टाकायची नाही. आई म्हणायची नाही. गावाकडचे सगळे सांगायचे, थांब, चालेल, घराण्यात उशिराच चालतात. त्यात वर्ष गेलं. शेवटी नवऱ्याच्या कंपनीतल्या डॉक्टरने आमच्या केंद्राची चिठ्ठी दिली.

मी फाईल उघडली. तीन वर्षं पुरी व्हायला सहा महिन्यांना चार दिवस कमी होते.

"चार दिवसांनी हुकलं," मी म्हटलं.

"चार दिसांनी काय फरक पडतो, ताई?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो. तुम्ही जेद्दाला खासगीत दाखवा."

"साडेतीन तासांचा रस्ता हाय. हे पाळीवर जातात. मला इथे एकटीला टॅक्सीत बसायची भीती वाटते. जाऊन एकदा दाखवीन. पण पाऊल एकदा दाखवून थोडंच पडतंय? तीन वर्सांनंतर आम्हा बाहेरच्यांना काय नाय, असं ते केंद्रवाले बोलले. खरं काय?"

खरं होतं. मी खरं म्हणून सांगितलं. तिने माझे आभार मानले, रमजान मुबारक म्हणाली आणि फोन ठेवला. मला त्या आभारांचा राग आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

त्याच आठवड्यात आमचा अधिक महिना लागलेला होता. जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे म्हणून माझ्या आईने विवेकच्या बँकेत रुजू होणाऱ्या एका मुलाच्या बॅगेतून डबा पाठवला. डायबिटीसची गोळी खाणाऱ्या माणसाला तेहेतीस अनारसे. रविवारी त्यातले आठ मी हनूफसाठी ऑफिसात नेले, इफ्तारला घरी घेऊन जा म्हटलं. तिच्यावर माझा राग होता, पण उपासाच्या दिवसात बिचारी दुपारपर्यंत सुकून जायची.

"कसला सण आहे?" तिने विचारलं.

सण नाही, जास्तीचा महिना, असं मी तिला समजावून सांगितलं. आमचेही महिने चंद्राचे. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी लहान. असं तीन वर्षं चाललं की महिनाभराची तूट येते, ती आम्ही एक महिना जादा घालून भरून काढतो. नाहीतर दिवाळी उन्हाळ्यात येईल.

"आमच्यात भर घालत नाहीत. मनाई आहे," ती म्हणाली. "म्हणून रमजान फिरतो. माझी आजी आमच्या हिशोबाने सत्तर वर्षांची आहे आणि पासपोर्टवर अडुसष्टची. डॉक्टरला ती सत्तर सांगते, लग्नात अडुसष्ट." आम्ही दोघी हसलो. ती पुन्हा स्क्रीनकडे वळली, आणि मग तिचा तो नेहमीचा प्रश्न आला. "आसावरी, मूल कितव्या महिन्यात काय करतं, तो आपला विकासाचा तक्ता बाहेरून आलेला आहे ना? त्यातले महिने कुठले?"

"कुठले म्हणजे? साधे. जानेवारी, फेब्रुवारी."

"आणि वय आपण कुठल्या महिन्यांनी काढतो?"

फॉर्मवर जन्मतारीख हिजरी, म्हणजे इथल्या चांद्र पंचांगातली. चार वर्षांपूर्वी मी त्या हिजरी तारखेवरूनच छत्तीस महिने मोजले होते. छत्तीस हिजरी महिने म्हणजे तीन वर्षं नव्हेत. महिनाभर कमी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्षानुवर्षं आईच्या घरी अधिकाचे अनारसे खाल्ले, बारा वर्षं विवेकला खाऊ घातले, तो महिना कुठून येतो हे आत्ता या मुलीला तोंड वर करून शिकवलं, आणि माझ्याच सूत्रातून तो गळालेला मला चार वर्षांत दिसला नाही.

मी दुआची फाईल काढली. शरीफाने पासपोर्टची प्रत जोडली होती. जन्म १३ जानेवारी २०१३. आमचा कॉम्प्युटर तिला १२ डिसेंबरला तीन वर्षांची करत होता. खरी ती तीनची होणार १३ जानेवारीला. फोन आला त्या दिवशी चार दिवस कमी नव्हतेच. जवळजवळ तीन आठवडे जास्त होते. पण १३ जुलै उलटली की तेही संपणार होते, आणि ईदच्या सुट्टीसाठी ऑफिस ९ जुलैला बंद होणार होतं.

मग आम्ही जुन्या नकारांची यादी काढली. या महिन्याच्या फरकाने परत पाठवलेली मुलं निघाली एक्केचाळीस. त्यातली बत्तीस आता खरोखरच नियमाबाहेर गेली होती. नऊ अजून नियमात बसत होती, दुआ धरून; ईदच्या सुट्टीतच मुदत संपणार होती ती एकट्या तिची. हनूफ यादी मोठ्याने वाचत होती, खमीस मुशैत, यान्बू, ताइफ. मी तिला म्हटलं, मनात वाच.

विवेकने घरी व्यवहाराची गोष्ट सांगितली. "तू जाणार आहेस. सूत्र गुपचूप दुरुस्त कर. कुणाला कळायचं कारण नाही. जाता जाता आपल्या हाताने आपल्या अनुभवाच्या दाखल्यावर काळं कशाला फासतेस?"

त्याचं बोलणं मला पटलं होतं, हे मी लपवत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दोन दिवस मी गप्प होते. पण गुपचूप सूत्र बदललं तरी ती नऊ मुलं आपोआप परत येणार नव्हती. त्यांना एकदा नाही म्हणून सांगितलं होतं. कुणीतरी फोन करून आमचं चुकलं म्हणायला हवं होतं, आणि तसं म्हणायला वरची परवानगी लागणार होती. शिवाय शरीफाचे ते आभार माझ्या कानातून जात नव्हते.

बुधवारी मी आमच्या मुदीरांकडे, म्हणजे संचालिकाबाईंकडे, गेले. हनूफही आली, मी बोलावलं नव्हतं तरी. मी पत्र पुढे ठेवलं. सूत्र मी लिहिलं, मी तपासलं नाही, चूक माझी, असं त्यात सरळ लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तक्ता वर गेला आहे," त्या म्हणाल्या. "तेराही प्रांतांचे आकडे बदलतील. वेळेत सेवा, मुलांची सुधारणा, सगळं. चार वर्षांचं. ईदनंतर बघू."

"ईदनंतर यातली एक मुलगी सुटेल," मी म्हटलं. "यान्बूची."

"एका मुलीसाठी?"

 मी मोजणारी बाई. एक म्हणजे तेराशेतली एक, हा हिशोब मीच त्यांना सहा वर्षं शिकवला होता. तेवढ्यात हनूफ अरबीत बोलू लागली. हळू बोलत होती, त्यामुळे मला सगळं समजलं. "ईदनंतर त्या तक्त्याखाली माझं नाव येणार आहे. मुलांचं वय चुकीचं आहे हे मला आता माहीत आहे. माहीत असताना मी त्यावर सही करणार नाही. मग तुम्हाला दुसरी सौदी मुलगी शोधावी लागेल, आणि तिला आसावरी शिकवायला नसेल."

मुदीरांनी माझं पत्र पुन्हा हातात घेतलं. असं मी बोलले असते तर त्याच दिवशी माझा इकामा रद्द झाला असता. ती बोलू शकत होती, कारण घर तिचं होतं. ते मला त्या खोलीत उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं, आणि तिच्या येण्याबद्दलचा माझा राग तिथेच संपला.

त्यांनी लगेच सही केली नाही. आरोग्याच्या माणसांना विचारलं, कायद्याच्या माणसाला विचारलं, माझ्याकडून दोन वेळा तेच तेच लिहून घेतलं. मंगळवारी, ७ जुलैला, कागद खाली आला. नऊ फोन आम्ही वाटून घेतले, सात हनूफने केले आणि दोन मी. पहिला यान्बूचा.

"शरीफा, दुआला घेतलंय. चूक आमची होती. माझी होती. तिचं वय मी चुकीचं मोजलं होतं."

 तिने विचारलं, "म्हणजे ती लहान हाय अजून?"

"हो. लहान आहे अजून."

ती रडायला लागली. मीही रडले, आणि हनूफने माझ्यासमोर टिश्यूचा डबा सरकवून पुढचा नंबर लावला.

ईदनंतर मी घरी बसले. दाखला मिळाला, पण त्यात 'उत्कृष्ट'च्या जागी 'समाधानकारक' होतं. विवेक काही बोलला नाही, आणि तेवढ्यासाठी मी त्याला आठवडाभर चांगलंचुंगलं करून घातलं. नवा तक्ता नोव्हेंबरात निघाला. मदिना प्रांत, ज्यात यान्बू येतं, पहिल्यावरून सातव्या नंबरावर आला. हनूफने मला फोटो पाठवला, खाली तिचं नाव होतं. बत्तीस मुलांच्या घरीही तिने पत्रं पाठवली होती. त्यांना देण्यासारखं आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं, पण तिने क्षमा मागितली होती, माझ्या सांगण्यावाचून.

शरीफा मधूनमधून फोन करायची. थेरपिस्टने सोफ्याची उशी काढायला लावली. दुआ आता खुर्ची ढकलते. दुआ 'दे' म्हणते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. पाऊल मात्र नाही. मी विचारायचं सोडून दिलं होतं. मुलं तक्त्याप्रमाणे वाढत नाहीत, हे सहा वर्षं तक्ते केलेल्या बाईला सांगायला नको.

१३ जानेवारीला दुआ तीन वर्षांची झाली, त्या सकाळी मी शुभेच्छा द्यायला फोन केला. थेरपिस्ट निरोप घेऊन नुकतीच गेली होती.

"चप्पल घालून ती जिन्यात गेली, ताई, तर ही मागून चालत गेली, कशाला न धरता," शरीफा म्हणाली. "मला वाटलं, आता पडते. पण गेली. दारापर्यंत गेली."

"पहिल्यांदाच?"

"नाय, पहिलं पाऊल टाकलं ना त्याला झाले सतरा-अठरा दिस. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाय. दृष्ट लागते. म्हटलं, नीट चालू दे आधी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि बोटाने मागे मागे मोजत आले. पहिलं पाऊल पडलं तेव्हा डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. माझ्या जुन्या सूत्राप्रमाणे दुआचं आमच्याकडचं काम १२ डिसेंबरलाच खलास झालेलं असणार होतं.

शरीफाला मी हे सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, फोन दुआजवळ धर, आणि ती घरभर चालत होती त्या पावलांचा आवाज ऐकत बसले.