चौथं नाव

वेल्डाने एप्रन बांधला होता खरा, पण एप्रनखाली घोड्यावर बसायचे बूट होते आणि ते ट्रेसाच्या नजरेतून सुटले नाहीत.

"मॉम, स्वयंपाकघरात बूट?"

"फरशी गार लागते," वेल्डा म्हणाली.

मे संपत आला होता, भट्टीतून दालचिनीचे रोल निघत होते आणि खोलीत नुसती धग होती. ट्रेसा हसली आणि खाली मान घालून कांदे चिरू लागली. शहरात दातांच्या डॉक्टरकडे नोकरी करणारी ही पोर दरवर्षी या एका दिवसासाठी रजा काढून आजोळी यायची. आईने सकाळपासून बीन्समध्ये दोनदा मीठ घातलं होतं, हेही तिने पाहिलं होतं. गुपचूप दोन बटाटे सोलून तिने पातेल्यात सोडले.

सेज फोर्क गावात नाताळ एक वेळ साधा होईल, पण टॅकरांच्या रँचवरची डागणी साधी होणार नाही. आसपासची सगळी घरं आपापले घोडे घेऊन येतात. नवी वासरं गायींपासून वेगळी काढायची, एकेक ओढत जाळाशी आणायचं, तापल्या लोखंडाने टॅकरांच्या मालकीचा डाग द्यायचा, लस टोचायची आणि परत आईकडे सोडायचं. काम सगळ्यांनाच असतं, पण घोड्यावर बसून, वासरं फासात धरायला दोर घेऊन कळपात शिरायचा मान फक्त चौघांचा. ती चार नावं मालक त्याच सकाळी सगळ्यांसमोर घेतो. नाव एकदा तोंडातून गेलं की गेलं. ते मागे घेत नाहीत आणि त्या जागी दुसरा कुणी जात नाही. एका वर्षी नाव पुकारलेल्या गड्याचा हात घोड्यावर चढतानाच मोडला, तर ती जागा दिवसभर तशीच रिकामी ठेवून तिघांनी चौघांचं काम ओढलं होतं.

मालक म्हणजे वेल्डाचा बाप, ऑरिन टॅकर. नव्वदीला टेकला होता तरी नावं अजून तोच घ्यायचा.

वेल्डाला पोरवयातच दोर टाकायचं वेड होतं. धावत्या कुत्र्याचे मागचे पाय ती फासात धरायची आणि कुत्रं तिला पाहिलं की धान्याच्या कोठीखाली लपायचं. पण आई लवकर गेली. डागणीला आलेल्या माणसांना कुणीतरी रांधून घालायला हवं होतं. धाकट्या रॉयसला मिसरूड फुटायच्या आधीच दोराचा मान मिळाला आणि वेल्डाच्या हाती स्वयंपाकाचा डाव आला. पुढे शाळेची बस चालवणाऱ्या मर्लशी लग्न करून ती गावात राहायला गेली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या. डागणीच्या दिवशी मात्र ती पहाटेच या चुलीपाशी हजर असायची. एका हिवाळ्यात रॉयसची गाडी बर्फावरून घसरून पुलाखाली गेली, त्यात तो गेला आणि त्याच्या जागी त्याचा मित्र ड्वाइट घोड्यावर बसू लागला, तेव्हाही कुणाला वेल्डाची आठवण झाली नाही.

यंदा ड्वाइटही गुरं विकून लेकीकडे राहायला गेला होता. ती बातमी आली त्या दिवशी म्हातारा गावातल्या हॉटेलात कॉफीचा पेला हातात धरून म्हणाला होता, की चौथ्या जागेला आता नवं कुणीतरी बघायला हवं. असं म्हणताना त्याने वेल्डाकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं, पण त्या नजरेवर वेल्डाने अख्खा हिवाळा काढला. मर्लने बसच्या शेडमागे एक लाकडी घोडी ठोकून दिली आणि शाळा सुटली की वेल्डा तिच्या पायांवर फास टाकत बसायची. लहान गावात असलं काही लपत नाही. किराणावाला हिशेब करता करता विचारायचा, "काय वेल्डा, लाकडी वासरू दूध प्यायला लागलं का गं?"

तिला राग यायचा नाही. आनंदात माणसाला कशाचाच राग येत नाही. त्या आनंदातच बापाच्या काही गोष्टी तिने मनावर घेतल्या नव्हत्या. तो आताच्या कुत्र्याला त्याच्या आधीच्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा. कॉफीत मीठ घालून ती तशीच पिऊन टाकायचा. वय झालं, असं म्हणून ती विषय संपवायची.

बाहेर घोडे जमले तसं सगळ्यांना अंगणात बोलावणं आलं. वेल्डाही डाव ठेवून बाहेर आली. पुरुषांनी हॅट काढून हातात घेतल्या. गाडीच्या दाराला धरून ऑरिन उभा राहिला.

"क्लिंट बॅस्कम," तो म्हणाला. "होइट ओल्सन. आल्विन पीटर्स."

मग तो थांबला. त्याची नजर माणसांवरून फिरत फिरत वेल्डावर आली आणि तिथेच राहिली. वेल्डाचा हात आपोआप एप्रनच्या गाठीकडे गेला.

"आणि रॉयस," ऑरिन म्हणाला.

कुंपणाआड गायी हंबरत होत्या. होइट हातातल्या हॅटकडे बघत बसला. ट्रेसाने तोंड उघडलं, तर मर्लने तिचं कोपर धरलं.

"रॉयस?" म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली. "कुठंय हा पोरगा?"

वेल्डाला संताप आला, आणि तो चांगला मस्तकात गेला. मेलेला भाऊ आठवतो आणि समोर उभी असलेली मुलगी दिसत नाही! हे मोठ्याने बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाप एकेका चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याची नजर जत्रेत चुकलेल्या पोराची झाली होती. आता कुणी खरं सांगितलं असतं तर त्याला आज, इथे, सगळ्यांदेखत मुलगा पुन्हा गमवावा लागला असता.

तिने गाठ ओढली. एप्रन ट्रेसाच्या हातात दिला, मर्लच्या हातातली हॅट घेतली आणि कपाळावर खाली ओढली.

"हजर आहे, सर," रॉयस बापाला म्हणायचा तसं ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्याचा चेहरा निवळला. "मग बघतोस काय? चल लवकर."

गाडीमागे मर्लने तांबडी घोडी पहाटेच खोगीर घालून बांधून ठेवली होती. वेल्डाला त्याचा पत्ता नव्हता. आभार मानायला वेळही नव्हता.

पहिला फास वाया गेला. वासरू फासातून निसटलं आणि कुंपणावर बसलेली पोरं हसली. दुसरा मात्र मागच्या दोन्ही पायांत असा बसला की दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळेपर्यंत घोडी आपणहून वळली होती. वासरू जाळाशी गेलं, डाग बसला, ते आईकडे पळालं, तोवर वेल्डा पुन्हा कळपात होती. मग तिने मोजायचं सोडून दिलं. धूळ होती, जळक्या केसांचा वास होता, हात भरून आले होते आणि ती आयुष्यात इतकी खूश कधी झाली नव्हती. बॅस्कम शेजारून जाता जाता ओरडला, "अगं, इतकी वर्षं आम्हाला बीन्स वाढत कशाला बसलीस?"

जेवायला पहिल्या टेबलावर मालक आणि दोरवाले चौघे बसतात. वेल्डा बापाच्या उजव्या हाताला बसली. एप्रन बांधून ट्रेसा वाढत होती. बीन्स जरा खारटच होते.

"बरं केलंस आज," ऑरिन हळू आवाजात म्हणाला. "पहिला फास वाया घालवलास. वेल्डा असती तर गेला नसता."

वेल्डाचा घास हातातच राहिला.

"तिचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे. पहिल्यापासून. मला ठाऊक होतं."

"मग तिचं नाव कधीच का घेतलं नाहीत?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने पावाचा तुकडा ताटातल्या रश्श्यात बराच वेळ फिरवला. "रांधलं कुणी असतं? आणि... तू खचला असतास रे. पोरगी काय, सोसते." मग तो तिच्याकडे झुकला. "पुढच्या वर्षी घेणार आहे. तू आत्ता बोलू नकोस. रात्रभर झोपायची नाही ती."

"नाही सांगणार," वेल्डा म्हणाली.

"आहे कुठं? जेवली नसेल अजून. तिचं ताट झाकून ठेव जा. शेवटी काही उरत नाही तिला."

वेल्डा उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने एक ताट घेतलं. त्यात भाजलेल्या मांसाचे जाड काप वाढले, बीन्स वाढले, कडेला दालचिनीचा एक रोल ठेवला, मधल्या रांगेतला, मऊ. दोराने सोललेल्या तळव्याला ताटाची कड झोंबत होती. तिने वरून स्वच्छ फडकं घातलं आणि ताट चुलीशेजारच्या फळीवर, टेबलावरून दिसेल असं ठेवलं.

"ठेवलं?" बापाने विचारलं.

"ठेवलं, सर."

आणि ती पुन्हा रॉयसच्या खुर्चीवर येऊन बसली.