डॉक्टरचा वाटा

"कार्ड?" धोंडिराम कंपाउंडरने खिडकीतून हात बाहेर काढला.

"कसला कार्ड? अरे, अनंताचे छातीन दुखतंय सकालपासना. घामानं भिजलाय. डाक्टरला सांग, किस्नाबाय आलीय, घरी चल."

"मावशी, घरी यायला पिवळं कार्ड लागतं. वर्षाचे पैसे आधी भरलेत त्यांच्याकडेच डॉक्टर जातात. दिवाळीत सांगितलं होतं ना तुला?"

"आन् मी तुला काय सांगितला होता? माजा वाटा चालू हाय."

धोंडिरामने मान खाली घातली. सत्तरच्या दिवाळीत हे कार्ड निघालं, तेव्हा मावशीचं हेच उत्तर ऐकून तो हसला होता. त्याला गंमत वाटली होती.

कृष्णाबाई गंमत करत नव्हती. वेसाव्यात होडी किनाऱ्याला लागली की म्हावऱ्याचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. वाटा उचलला तो होडीचा माणूस. हाक आली की त्यानं यायचं. तिचा थोरला टायफॉइडमधून उठला तो डॉक्टर टिपणीसांच्या हातून. तेव्हापासून तिच्या पाटीत त्यांचाही वाटा पडत होता. सरंगा, हलवा, नाहीतर ओंजळभर कोलंबी. बंगल्याच्या मागच्या दारी डॉक्टरांच्या बायको नलिनीबाई ताट पुढं करत आणि जेवताना नवऱ्याला सांगत, "किती प्रेमानं देते हो बिचारी." प्रेमानं म्हणे! कोळीण असा सरंगा वाटत सुटली तर तिच्या घरी चूल कशावर पेटेल, हे त्या जेवणाच्या टेबलावर एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टर बॅग घेऊन बाहेरच आले.

"डाक्टर, चल. बाजाराच्या मागंच तर घर."

"कृष्णाबाई, मला सात बंगल्यावर जायचंय. शहांच्या मुलाला ताप आहे."

"लय हाय?"

"लय असो, थोडा असो. वर्षभराचा शब्द दिलाय मी त्यांना. तुझ्याकडे आलो तर उद्या अख्खा कोळीवाडा दारात उभा राहील. मी एकटा माणूस, झोपू कधी? नवऱ्याला गाडीत घाल, मोठ्या इस्पितळात ने."

"हलवता येत नाय त्याला. तू वाटा घेतलास ना?"

"कसला वाटा?"

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"म्हावऱ्याचा."

"अगं, ती भेट ना? घरी तर..." डॉक्टर थांबले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "बरं, भेट नाही तर नाही. काय होतील ते सांग, आत्ता देऊन टाकतो."

कृष्णाबाईने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैसं नको मना. तू चल."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि ते गाडीत बसले. शहांच्या मुलाला सर्दीचा ताप होता. चहा घेतल्याशिवाय शहांनी त्यांना सोडलं नाही.

कृष्णाबाई घरी पोचली तेव्हा दीर चंदर हातगाडी दाराशी लावत होता. अनंताला उचलून गाडीवर ठेवलं, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी परत फिरवावी लागली.

दुपारी डॉक्टर आले. जाळायला दाखला लागतो, आणि दाखल्याला पिवळं कार्ड लागत नाही. चंदर दारात आडवा झाला.

"आता रं कनाला आलास?"

आतून कृष्णाबाई म्हणाली, "येव दे त्याला, चंदर."

तिनं खाटेजवळ स्टूल सरकवलं. अनंताच्या अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली केली आणि पदराने त्याची छाती पुसून घेतली. बाया रडायच्या थांबल्या. डॉक्टरांनी नळी कानांत घातली, वाकले आणि तिचं टोक छातीवर टेकवलं. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"तिथं नाय, डाक्टर," कृष्णाबाई हळूच म्हणाली. तिनं त्यांचा हात मनगटाशी धरला आणि दोन बोटं डावीकडे नेला.

"इथं दुखत होता."