ठोकल्याशिवाय कुंडी उचलायची नाही

नर्सरीत सगळे तिला सूनबाईच म्हणत. सासरे म्हणत ते ठीक, पण माळीदादाही म्हणत, खताची पोती टाकणारा टेम्पोवाला म्हणे, आणि गुलाबाची कलमं न्यायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा "सूनबाई आहेत का?" असंच विचारत. नवऱ्याला तर एकदा कुणीतरी "तुम्ही सूनबाईंचे कोण?" असं तोंडावर विचारलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला रोप आणि तण यातला फरक कळत नव्हता. आता तिच्या शब्दाशिवाय नळाची तोटी फिरत नव्हती.

एक नियम मात्र तिचा नव्हता. तो सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा. ठोकल्याशिवाय कुंडी उचलायची नाही. ओल्या कुंड्यांच्या मागे, उलट्या घातलेल्या क्रेटखाली, गार सावलीत कोण वस्तीला असेल याचा नेम नाही. म्हणून आधी खुरप्याच्या मुठीनं टक टक करायचं, जरा थांबायचं, जे कोणी असेल त्याला निघून जायला वेळ द्यायचा आणि मगच हात घालायचा. अण्णांचा आवाज शाबूत होता तेव्हा ते हा नियम फाटकापासून पार विहिरीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडून सांगत. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही तोंडाशी कान नेला तरच कळणारी. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि घरच्यांनी ती इतकी मनावर घेतली की अण्णांना खुरप्याला हातही लावू देईनात. ते मागच्या पडवीत बाकावर बसून असत. सोबतीला मॅनेजर.

मॅनेजर म्हणजे कुत्रा. एके काळी हा साधासुधा कुत्रा होता, फाटकाशी पडून असायचा. पण अण्णा घरी बसले तेव्हापासून त्याला काय सुचलं कोण जाणे. जिथे काम चालू असेल तिथे हा हजर, प्रत्येकाच्या कामात याचं नाक, आणि स्वतः काम करायचं नाव नाही. माळीदादांनी नाव ठेवलं ते चिकटलं. अलीकडे त्याचं पोटही मॅनेजरसारखं सुटलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं खाणं निम्म्यावर आणलं तरी वजन तसूभर हलेना. सूनबाईचा संशय माळीदादांवर होता आणि माळीदादांचा शेजारच्या बेकरीवर.

त्या दुपारी एका हॉटेलसाठी कुंड्या काढायच्या होत्या. नवरा टेम्पो घेऊन आधीची खेप पोचवायला गेला होता. सूनबाई हिरव्या जाळीखालच्या कोपऱ्यात गेली, वाकली, एका क्रेटवर खुरप्यानं ठोकलं आणि शिस्तीत मागे सरकून थांबली. आत काहीतरी सरसरलं. ती आणखी मागे सरकणार तेवढ्यात मॅनेजर शेपूट हलवत धावत आला, तिच्या गुडघ्यांमधून घुसला आणि त्यानं सरळ क्रेटखालच्या फटीत तोंड घातलं.

तो असा केकाटला की शेजारच्या बेकरीतली माणसं बाहेर आली.

क्रेट कलंडलं आणि साप दिसला. आखूड, जाडजूड, अंगावर गडद ठिपक्यांची ओळ. सूनबाईला सापाची इतकी भीती की चित्रातला साप दिसला तरी ती पान उलटायची. पण हात आधीच कुत्र्याच्या पट्ट्याला पोचला होता. तिनं त्याला मागे खेचलं. साप निवांतपणे भिंतीच्या भेगेकडे निघाला.

माळीदादा फावडं घेऊन धावत आले. "कुठाय तो? ठेचतो त्याला!"

"दादा, त्याला जाऊ द्या! आधी फाटक उघडा आणि ढकलगाडी आणा."

"पण सूनबाई, जनावर..."

"त्याच्या मागे लागलात तर इथे आणखी एकाला चावेल. गाडी आणा म्हणते ना!"

मॅनेजरला चालू द्यायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जितकं चालेल तितकं विष लवकर पसरेल. कुंड्या वाहायच्या गाडीवर तिनं रिकामी पोती टाकली आणि माळीदादांच्या मदतीनं ते अवजड धूड वर चढवलं. त्याच्या नाकपुडीशी रक्ताचे दोन थेंब होते आणि ओठ एका बाजूनं सुजायला लागला होता. पडवीतून अण्णा भिंतीला धरत धरत येत होते. त्यांचं तोंड हलत होतं, पण काय म्हणतात ते ऐकायला थांबायला सवड नव्हती. "अण्णा, मी याला काही होऊ देणार नाही," एवढं ओरडून तिनं गाडी रस्त्यावर काढली.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना त्याच रस्त्याला होता, पण चढावर. गाडीचं एक चाक मुळातच कुरकुरं, ते दर खड्ड्यापाशी अडून बसे. ती पदर खोचून ढकलत होती आणि तोंडानं अखंड बोलत होती. "झोपायचं नाही हां, मॅनेजर. डोळे उघडे ठेव. एरवी कामाच्या वेळेला झोपतोस, आज नाही झोपायचं." चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली. ती उलट्या बाजूनं चालली होती.

"अहो बाई, कुठून घुसताय?"

"ओरडायचं ते परत येताना ओरडा! कुत्र्याला साप चावलाय."

पोलिसानं गाडीत डोकावून पाहिलं, मग हात आडवा करून चारी बाजूंची वाहनं थांबवली, आणि चढाचा शेवटचा टप्पा तोही मागून ढकलायला आला. सूनबाईला त्याचे आभार मानायचंही भान राहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मॅनेजरच्या पायातून रक्त काढलं आणि काचेच्या नळीत तसंच उभं ठेवलं. रक्त गोठलं तर बरं, नाही गोठलं तर विष अंगात भिनलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. सूनबाई त्या नळीकडे डोळ्यांची पापणी न लववता पाहत राहिली. बाईंनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

तेवढ्यात दारात सायकल थांबली. माळीदादा घामाघूम, आणि मागच्या कॅरिअरवर अण्णा, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"विषावरचं औषध आहे माझ्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वय झालंय याचं, वजनही फार. कधी कधी औषधच सोसत नाही, टेबलावरच जीव जातो. नाही दिलं तर आशा फार कमी. तुम्ही ठरवा. पण लवकर ठरवा."

अण्णांनी सूनबाईचा दंड धरून तिला खाली वाकवलं. "राहू दे," ते कुजबुजले. "त्याला त्रास नको. शांतपणे जाऊ दे."

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. कुत्रा त्यांचा होता. शब्दही त्यांचाच चालायला हवा होता. पण तिच्यानं राहवेना.

"अण्णा, तुमच्या वेळीही डॉक्टरांनी मला असंच विचारलं होतं. घरातले सगळे रडत बसले होते. मी 'करा' म्हटलं. तुम्ही आज माझा हात धरून उभे आहात ना?" आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून ती म्हणाली, "द्या औषध. मी धरते त्याला."

तिनं खरंच धरलं. सलाइन थेंब थेंब जात होतं. मध्येच मॅनेजरचं अंग थडथड उडायला लागलं तेव्हा बाईंनी घाईनं दुसरं इंजेक्शन दिलं. सूनबाई त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. पाठ भरून आली तरी ती बसली नाही. अण्णा स्टुलावर मान खाली घालून होते.

त्याचा श्वास जरा संथ झाला तशा डॉक्टरीणबाई हात धुताधुता म्हणाल्या, "एक कळत नाही. सापाचा वास आला की एवढा म्हातारा कुत्रा सहसा लांब राहतो. हा फटीत तोंड का घालेल?"

"तेच मला कळेना," सूनबाई म्हणाली. "मी नेहमीसारखं ठोकलं होतं. त्या आवाजानं साप जायचा, तर हाच धावत आला."

अण्णांनी मान वर केली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बिस्किटाचे तुकडे काढून तळहातावर धरले. सूनबाई वाकली.

"आवाज नाही ना मला," ते म्हणाले. "त्याला हाक कशी मारू? बाकाशेजारच्या कुंडीवर ठोकतो. आला की देतो एक."

सूनबाईला क्षणभर काही उमगेना, आणि मग सगळंच एकदम उमगलं. मॅनेजरचं कामावर येणं, सगळ्यांच्या हाताखाली नाक घालणं, ते न उतरणारं पोट. बिचारा दिवसभर बिस्किटासाठी हाकेला ओ देत हिंडत होता, आणि त्याला हाक मारत होती अख्खी नर्सरी. आज तिनंच त्याला सापाच्या तोंडाशी बोलावलं होतं. तिला अण्णांचा भयंकर राग आला. तितकाच स्वतःचा आला. ह्या माणसाला हाक मारता येत नाही, मग हा बोलावतो तरी कसा, हे घरात इतक्या जणांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये?

"म्हणजे मी उगाचच बदनाम!" दारातून माळीदादा म्हणाले. कुणी हसलं नाही.

मॅनेजर जगला. काही दिवस तिथेच राहून तो घरी आला तेव्हा तोंड एका बाजूनं वाकडं झालं होतं आणि चालताना तोल जात होता. अण्णांनी त्याच्यासाठी बाकाशेजारी पोतं घातलं. पण कुंडीवर हात म्हणून ठेवला नाही. दोन्ही हात मांडीत धरून ते बसून राहत. कुत्रा कान टवकारून त्यांच्या हातांकडे बघे, वाट पाहून पाहून डोकं खाली टाके. सूनबाईला ते बघवेना. ती जवळ गेली तेव्हा अण्णा कुजबुजले, "आता नाही ठोकणार. कामाच्या वेळेला बांधून ठेवत जा त्याला. नियम महत्त्वाचा."

"नियम गेला खड्ड्यात," सूनबाई म्हणाली. सासऱ्यांपुढे असं बोलायची ही तिची पहिलीच वेळ. "तुम्ही हवं तेव्हा ठोका. आम्ही ठोकायचं सोडतो."

संध्याकाळी तिनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं तेव्हा माळीदादांनी कपाळाला हात लावला. "अहो, जन्माची सवय आहे हाताची. आणि न ठोकता हात घालायचा म्हणजे मरायचं का आम्ही?"

"हात घालायचाच नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट, जाड हातमोजे आणि लांब दांड्याची आकडी. आधी बूट आपटायचे, जरा थांबायचं, मग क्रेट लांबूनच ओढायचं. ज्याला भीती वाटते त्यानं थांबावं. पहिली ओळ मी काढणार."

"तुम्ही? तुम्ही तर सापाचं चित्र बघत नाही."

"म्हणूनच मी," सूनबाई म्हणाली.

सकाळी ती त्याच कोपऱ्यात उभी राहिली. माळीदादा मागे फावडं घेऊन. मॅनेजर थोड्या अंतरावर उन्हात पसरला होता. अण्णा पडवीतून बघत होते. तिनं बूट आपटले, थांबली, आकडीनं पहिलं क्रेट ओढलं. खाली काही नाही. दुसऱ्याखाली गोगलगाई. हात चुकत नव्हता. ओळ संपत आली. ओढून झालेलं एक क्रेट बाजूला ठेवायला म्हणून तिनं उचललं आणि त्याच्या आतल्या बाजूनं काहीतरी तिच्या हातमोज्यावर उतरलं.

कोळी होता. तळहाताएवढा, केसाळ. सापाची तिला भीती होती. कोळ्याची किळस होती, आणि ती भीतीपेक्षा वाईट. कोळी मोज्यावरून बाहीवर आला, बाहीवरून कोपरावर. किंकाळी घशापर्यंत आली. पण तिची नजर मॅनेजरवर गेली. त्यानं एक डोळा उघडून कान उभे केले होते. ती ओरडली असती तर तो धडपडत उठून थेट तिच्याकडे आला असता, आणि पुढची क्रेटं अजून ओढायची होती.

तिनं दात दातांवर दाबले. ओरडायचं नाही म्हणजे नाही. कोळी खांद्यावर आला, मानेशी थांबला. त्याच्या केसाळ पायांची हुळहुळ तिला कातडीवर जाणवली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही. माळीदादा पुढे सरसावले तेव्हा तिनं नुसत्या बोटानं त्यांना थांबवलं. अखेर कोळी पाठीवरून उतरला आणि पोत्यांआड निघून गेला. मॅनेजरनं डोळा मिटून घेतला.

मग मात्र ती मटकन खालीच बसली. मोजे काढायला गेली तर ते निघेनात.

पडवीतून अण्णा आले. कुणाचा आधार न घेता आले. त्यांनी तिच्यासमोर बसून तिचे मोजे एकेक बोट सोडवत काढले आणि स्वतःच्या हातात चढवले. त्यांचे ओठ हलले. सूनबाईनं कान पुढे केला.

"पुढची ओळ माझी."

अण्णा, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. पायातले बूट काढून तिनं त्यांच्यापुढे ठेवले, आकडी त्यांच्या हातात दिली, आणि स्वतः उन्हात मॅनेजरचा पट्टा धरून बसली.