तिसऱ्या तारेवरचा संशय

जितेशच्या खोलीत माझ्या तिसऱ्या तारेचा मोकळा स्वर ऐकू येत नसे. तेच रेकॉर्डिंग रूपेशच्या टेंपोत लावले, की त्याच स्वराला टेंपोच्या काचा थरथरत.

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. चार जाड तारा, लांब मान आणि तपकिरी अंग. त्या अंगावरचा रंग वाजवणाऱ्यांची कोपरे टेकून टेकून उडाला आहे. गाण्यातला खर्ज मी सांभाळते. मी वाजत असताना माझ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मी थांबले, की गाणे पोकळ वाटू लागते आणि ते का, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

माझा जन्म कोलकात्याच्या एका लहान कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझी मान तासली, त्याने ती डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, पुन्हा पुन्हा पाहिली आणि मगच ती सरळ असल्याचे मान्य केले. त्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो. पुढे माझ्याविषयी पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. त्यांतल्या थोड्यांनीच आधी एक डोळा मिटून पाहिले होते.

कारखान्यातून मी खोपोलीच्या एका बेंजो पार्टीत आले. खालापूर तालुक्यातल्या कितीतरी हळदींमध्ये मी वाजले. मांडवात धूळ उडे, पोरे स्पीकरसमोर नाचत आणि माझ्या खर्जाने त्यांचे पाय हलत. मग पार्टीने नवा कीबोर्ड घेतला. त्याच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबल्या, की माझ्यासारखा आवाज निघे. मालकाने मला खिळ्याला टांगले. तारा गंजल्या, मानेमागे पालीने अंडी घातली. त्या खिळ्यावरून मला सोडवले ते रूपेशने. पार्टीचे सामान त्याच्याच टेंपोतून जाई. आपल्या चुलत भावाला, जितेशला, गाणी रेकॉर्ड करण्याचा नाद आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने मला मागून घेतले आणि भिवपुरी स्टेशनपासून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या त्यांच्या गावी आणले.

जितेश ठाण्याच्या एका कचेरीत नोकरी करतो. घरी त्याची आई अंबूबाई आणि बायको ऋतिका. ऋतिका खालापूरकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रूपेश बांधापलीकडे राहतो आणि तेव्हा रोज संध्याकाळी, कोणी हाक मारण्याची वाट न पाहता, चहाला येई.

मी आले ते कार्तिकात. घराच्या मागची खोली भाताची होती. मागच्या भिंतीला पोत्यांची थप्पी जवळजवळ छतापर्यंत लागलेली. उरलेल्या जागेत जितेशने टेबल, संगणक, दोन स्पीकर आणि एक खुर्ची बसवली होती. मला वायरने संगणकाशी जोडत. खुर्चीत बसून जितेश ऐके, आणि जो स्वर कमी वाटेल तो वाढवी, जास्त वाटेल तो उतरवी. त्या हिवाळ्यात नेरळच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचे गाणे त्या खोलीत तयार झाले. हे मुंबईतल्या कोणत्या स्टुडिओत केले, असे तिथल्या बाईंनी विचारले. जितेशने ते वाक्य घरात इतक्यांदा सांगितले, की अखेरीस अंबूबाईच ते आधी पूर्ण करू लागल्या.

त्या स्तुतीतूनच पुढचे सारे घडले. पोत्यांत बसून स्टुडिओ होत नाही, असे जितेशला वाटू लागले. फाल्गुनात त्याने रूपेशला सांगून सगळे भात एका खेपेत गिरणीत पाठवले. त्याच खेपेला रूपेशने मलाही मागून नेले, कारण चौक गावी एका हळदीत बास वाजवणारा मिळाला होता आणि बास नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने मला परत आणून दिले. तोवर जितेशने खोली रंगवली होती, खाली जाजम अंथरले होते आणि भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. ट्रे लावले की आवाज सुधारतो, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. सांगणाऱ्याने ते कोणाकडून ऐकले, हे विचारण्याची प्रथा नाही.

जितेशने मला मांडीवर घेतले, तिसरी तार छेडली आणि तो थांबला. पुन्हा छेडली. बाकीचे स्वर येत होते. हा एकच, दातांच्या रांगेतून एखादा पडावा तसा, नव्हता. त्या संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने रूपेशला विचारले.

“खरं सांग रं. पडली व्हती का?”

“हळदीत मानसं पडली,” रूपेश म्हणाला. “गिटार नाय पडली.”

सगळे हसले. जितेश हसला नाही.

स्वर ऐकू येत नाही म्हणून जितेशने तो संगणकात वाढवला, आणि वाढवूनही खुर्चीत पुरेसा येईना म्हणून आणखी वाढवला. त्या वेळी चाललेले गाणे रूपेशने टेंपोत लावले आणि तो परत सांगायला आला. “एका सुरानं माझी काच निघायची बाकी हाय. सूर गेलाय कुठं? गाडीभर हाय की.” हा पुरावा होता, आणि महत्त्वाचा होता. परंतु ज्याच्यावर वहीम आहे तोच तो देत होता. त्यामुळे जितेशने त्याचा अर्थ उलटा लावला. मोडलेली वस्तू धड आहे, असे मोडणाराच सांगणार, असे तो ऋतिकाला म्हणाला.

मित्रांनो, माझी साक्ष कोणी काढली नाही, आणि काढली असती तरी ती फारशी उपयोगाची नव्हती. मला पिशवीत घातले की बाहेरचे काही दिसत नाही. चौकच्या फाट्याला टेंपोने एक मोठा आचका दिला होता, एवढेच मला आठवत होते. तार तर पूर्वीसारखीच कापत होती. पण त्या आचक्याचा विचार मनात आला, की माझाही रूपेशवरचा विश्वास डळमळे.

जितेशने तारा बदलल्या. मग खोपोलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे मला नेले. त्याने माझ्या आतल्या वायरी पाहिल्या, मान पाहिली आणि वाद्यात काही दोष नाही असे सांगितले. बाहेर पडल्यावर जितेशला आठवले, की हा दुरुस्तीवाला रूपेशच्या ओळखीचा आहे. तिथेच ती साक्षही बाद झाली. अंबूबाईंचा निष्कर्ष वेगळा होता: शाळेतल्या बाईंच्या कौतुकाने वाद्याला दृष्ट लागली. त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला. स्वरात फरक पडला नाही.

वैशाखात बोलणे वाढले. मोडली असेल तर भरून देतो म्हण, पण खोटे बोलू नको, असे जितेश रूपेशला ओटीवर, दोन शेजाऱ्यांदेखत म्हणाला. हातातला कप रूपेशने खाली ठेवला, चपला घातल्या आणि तो बांधावरून निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. अंबूबाई मात्र कितीतरी दिवस चार कपांचे आधण ठेवत आणि लक्षात आल्यावर एक कप पाणी काढून टाकत.

मी कपाटाच्या मागे गेले. दिवाळीनंतर मला विकायचे ठरले. बदलापूरचे एक गिऱ्हाईकही मिळाले. माझे काय व्हायचे ते होवो. खिळा मी पाहिलेला होता. पण मी त्या घरातून गेले असते, तर रूपेशवरचा आळ माझ्याबरोबर गेला नसता. तो तपासायची एकमेव वस्तू मात्र गेली असती.

भात कापले, झोडपले. ते घरी आणायला जितेशने परगावचा टेंपो सांगितला. पोती कुठे ठेवायची हे अंबूबाईंनी कोणाला विचारले नाही. मागच्या भिंतीला, होती तिथेच, पुन्हा थप्पी लावून घेतली. जितेश कुरकुरला. मग गिऱ्हाइकाला पाठवण्यासाठी माझा आवाज रेकॉर्ड करावा म्हणून त्याने मला बाहेर काढले, खुर्चीत बसला आणि तिसरी तार छेडली.

स्वर होता. गोल आणि भरलेला, गेल्या हिवाळ्यात होता तसाच.

माणसाला संशयाची सवय लागली, की चांगली घटनाही त्यातून सुटत नाही. जितेश उठून स्वयंपाकघरात गेला. “आये, रूपेश येऊन गेला का गं? गुपचूप नीट करून ठेवली त्यानं?”

“तो आला असता तर चा पिऊनच गेला असता,” अंबूबाई म्हणाल्या.

ऋतिका डबा घासत होती. तिने हात न थांबवता विचारले, “फाल्गुनात त्या खोलीतून काय गेलं होतं?”

“गिटार.”

“आणि?”

जितेशने मागच्या खोलीकडे पाहिले. “भात.”

“आणि परत काय आलं?”

“गिटार.”

“मग जी वस्तू परत आली तिच्यावर नऊ महिने संशय,” ऋतिका म्हणाली, “आणि जी आलीच नाही तिचं कोणी नावही घेतलं नाही.”

पण एकदा जुळले म्हणजे सिद्ध झाले, असे मानणारी ती नव्हती. पोती बाहेर काढून पाहावे, पुन्हा आत लावून पाहावे, आणि त्या वेळी दुसरे काहीही हलवू नये, असे तिने सांगितले. पोती जड, एकट्या जितेशला ती होणारी नव्हती. कोणाला बोलवायचे हे तिने सांगितले नाही. जितेश स्वतःच बांध ओलांडून गेला.

रूपेश आला, पण उंबऱ्याबाहेर उभा राहिला. “पोती उचलाय बोलावलंस, का मला तपासाय?”

“पोत्यांना तपासायचं हाय,” जितेश म्हणाला. “तुला तपासाय नको व्हतं.”

दोघांनी थप्पी ओटीवर काढली. जितेश खुर्चीत बसला, ऋतिकाने तार छेडली, स्वर गेला. थप्पी आत लावली, स्वर आला. हे त्यांनी पुन्हा केले. दुसऱ्यांदा खोली रिकामी असताना ऋतिकाने जितेशला खुर्चीतून उठवून भिंतीशी उभे केले. तिथे तो स्वर इतका मोठा होता, की अंड्यांचा एक ट्रे निसटून खाली पडला.

रूपेश घाम पुसत पोत्यावर टेकला. “म्हंजे खर्ज नेला मीच. माझ्याच टेंपोनं. फक्त माल दुसरा निघाला.”

“न्यायला मी सांगितलं व्हतं,” जितेश म्हणाला. मग तो आणखी हळू म्हणाला, “ओटीवर बोललो, ते ओटीवरच परत घेतो. शेजाऱ्यांना बोलावून.”

“शेजारी ऱ्हाऊ दे. आधी ही पोती आत घे.”

त्या दिवशी आधणातून पाणी काढून टाकावे लागले नाही. बदलापूरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले.

मित्रांनो, माझ्यासारखे वाद्य तुमच्या घरी असेल, तर वाजवून झाल्यावर त्याच्या तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याला खिळ्याला टांगून विसरू नका. त्याचा आवाज बिघडला असे वाटले, तर ते उघडण्यापूर्वी आणि माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्यापूर्वी, त्या दिवशी आणखी काय काय बदलले होते ते नीट आठवा.

स्वर नाहीसा होण्याचे कारण असे. माझ्या तिसऱ्या तारेच्या मोकळ्या स्वराची लाट सुमारे वीस फूट लांब असते आणि जितेशची खोली दहा फूट लांब आहे. अशा खोलीत पुढे जाणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट मधोमध एकमेकींना खोडतात आणि भिंतींपाशी एकमेकींना वाढवतात. जितेशची खुर्ची मधोमध होती. मी वायरने थेट संगणकात जात असल्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये स्वर शाबूत होता. खुर्चीत ऐकू येत नाही म्हणून जितेशने तो वाढवला आणि टेंपोच्या काचा थरथरल्या. पहिल्या हिवाळ्यात परतणारी लाट भाताची पोती शोषून घेत होती. अंड्यांच्या ट्रेंना ते जमत नाही. फाल्गुनात पोती गेली, ती जितेशच्या सांगण्यावरून. मी पडले नव्हते.