माझ्या छपराची परीक्षा

मित्रांनो, जुना म्हणा, म्हातारा म्हणा, मला राग नाही. फक्त भंगार म्हणू नका, एवढंच! मी एक ट्रेलर आहे. म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर. आत दोन पलंग, एक शेगडी, एक सिंक आणि टीचभर वॉशरूम. गाडीच्या मागे मला जोडलं की निघाली स्वारी! १९८७ साली कॅनडात, मॅनिटोबातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला.

माझे पहिले मालक ऑल्सन आजोबा. कॅल्गरीपासून तासाभरावर त्यांचं शेत. दर उन्हाळ्यात ते मला डोंगरात न्यायचे, आणि दर वर्षी बर्फ पडायच्या आधी स्वतः शिडी लावून माझ्या छपराचे सांधे नव्या लेपाने बुजवायचे. माझ्या छपराची त्यांनी जेवढी काळजी घेतली, तेवढी स्वतःच्या टकलाचीही घेतली नसेल.

मग त्यांचे गुडघे गेले. शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच. तीन हिवाळे मी गोठ्यामागे उभा होतो. गिऱ्हाईकं यायची, माझे फिके पट्टे बघायची आणि गाडीतून न उतरताच परत जायची. फार लागायचं हो मनाला. शेवटी २००८ च्या मे महिन्यात आजोबांनी शेत विकलं, शहरात काँडो, म्हणजे फ्लॅट घेतला. सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक मला न्यायला येणार होता.

आणि दोनच दिवस आधी, शनिवारी गुरुदत्त खानझोडे आले! मूळचे नागपूरचे, कॅल्गरीत तेल कंपनीत इंजिनिअर. सोबत बायको मृणालिनी आणि दहा वर्षांची गौरांगी. गुरुदत्तांच्या हातात काय काय तपासायचं त्याची चांगली दोन पानी यादी. त्यांनी कपाटं उघडून आत वास घेतला, टाचेने जमिनीचे कोपरे दाबले, अंगठ्याने भिंती चाचपल्या, ओल्या गवतात आडवं होऊन खालचा सांगाडा बघितला. मला तर गुदगुल्याच होत होत्या!

"टायर बदलावे लागतील," ते म्हणाले. "पण जमीन टणक आहे. कुठे ओल नाही."

"ते तुम्ही बघा. शेगडी नीट चालते का ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," असं म्हणत मृणालिनीबाईंनी पिशवीतून चक्क कुकर काढला. डाळ-तांदूळ घरूनच धुऊन आणले होते. बाहेर बोचरा वारा, म्हणून सगळ्या खिडक्या बंद. तीन शिट्ट्या झाल्या. एकवीस वर्षांत माझ्यात कॉफी उकळली, मासे तळले गेले, पण खिचडीचा तो वास! अहाहा!

सगळे जेवायला बसले आणि टप्पकन एक थेंब गुरुदत्तांच्या यादीवर पडला. त्यांनी वर बघितलं. छताला थेंबच थेंब.

"अगं, हे तर गळतंय! चला, उठा. बाकी सगळं दुरुस्त होतं, गळकं छप्पर घेऊन काय करायचं?"

अहो, वाफ आहे ती! तुमच्याच कुकरची! पण मला कुठलं तोंड? आवराआवर सुरू झाली. दारात उभ्या आजोबांचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात गौरांगी म्हणाली, "बाबा, इट्स द कुकर! आपल्या किचनची विंडो एव्हरी विंटर अशीच होते!"

गुरुदत्त थबकले. आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी बागेची पाण्याची नळी आणली, छपरावर धार सोडली आणि म्हणाले, आता अर्धा तास आत बसा. मृणालिनीबाईंनी खिडक्या उघडून छत कोरडं पुसून घेतलं. मग तिघंही माना वर करून बसले.

खरं सांगू? मी घाबरलो होतो. तीन वर्षं माझ्या छपराला कुणाचा हात लागला नव्हता. कुठे बारीकशी भेग पडली असेल तर?

अर्ध्या तासाने गौरांगी पलंगावर चढली. तिने प्रत्येक कोपऱ्यावरून तळवा फिरवला. "ड्राय! बाबा, टोटली ड्राय!"

"इंजिनिअर मी, आणि मला वाफ ओळखू नये!" गुरुदत्त कपाळावर हात मारून हसत सुटले. आजोबा तर त्यांच्यापेक्षा जास्त हसले. सौदा पक्का झाला, आणि आजोबांनी माझ्याबरोबर लेपाचा उरलेला डबा आणि ती शिडीही देऊन टाकली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू घेताना नुसता रंग बघून नाक मुरडू नका. खाली वाका, कोपरे दाबा, पाणी ओतून बघा. आणि एकदा आपली म्हटली की तिच्याकडे लक्ष ठेवा. वर्षातून एक दुपार तिला दिलीत तरी पुष्कळ झालं.

रविवारी मी कॅल्गरीला त्यांच्या दारात पोचलो. मृणालिनीबाई मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, लेकीसाठी असतील. पण त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझे पट्टे फिके, टायर झिजलेले. मला कुणाची नजर लागणार? पण सोमवारी भंगारात जाणार होतो ना मी, त्याच माझी त्यांनी रविवारी दृष्ट काढली!